घर उभे राहते कशावर?

विद्यार्थी मित्रांनो, 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे सात मजले चढलेली एक इमारत कोसळली आणि 74 माणसे दगावली. काम अजून पूर्ण व्हायचे होते, तरी कुटुंबे राहायला आली होती. इमारत उभी कशी राहते, हे इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांनी तर शिकायचेच. पण घर बांधणाऱ्या, घर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबालाही त्याची तोंडओळख असायला हवी.

पहिली गोष्ट वजनाची. दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. तिच्यावरच्या पाच इंच जाडीच्या स्लॅबचे स्वतःचे वजनच सुमारे साडेतीन टन भरते. याला ‘डेड लोड’ म्हणतात, कारण ते कायम तिथेच असते. माणसे, कपाटे, पाहुणे हा ‘लाइव्ह लोड’. राहत्या घरासाठी तो चौरस मीटरला साधारण 200 किलो धरतात. म्हणजे त्याच खोलीत आणखी सव्वादोन टन.

हे वजन जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे. स्लॅब ते बीमला देतो, बीम कॉलमला, कॉलम फुटिंगला आणि फुटिंग खालच्या मातीला. फुटिंग कॉलमपेक्षा रुंद असते ते याचसाठी: वजन जास्त जागेवर पसरले की माती दबत नाही. ही साखळी कुठेही तुटता कामा नये. इमारतशास्त्राचा पहिला धडा एवढाच आहे.

दुसरी गोष्ट दाब आणि ताण यांची. एका जाड खोडरबराच्या बाजूवर पेनाने उभ्या रेघा ओढा. दोन्ही टोके धरून ते वाकवा, मधला भाग खाली येईल असे. वरच्या बाजूला रेघा जवळ येतात, तिथे दाब आहे. खालच्या बाजूला त्या लांब जातात, तिथे ताण आहे. वजनाखाली बीमचेही असेच होते, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

दगड, वीट आणि काँक्रीट दाब उत्तम सोसतात, ताणात मात्र तडकतात. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या साधारण दहावा हिस्साच असते. विजापूरचा गोल घुमट सतराव्या शतकात विटा आणि चुन्यात बांधला गेला. त्याचा आतला व्यास सुमारे 38 मीटर आहे आणि मध्ये एकही खांब नाही. घुमटाचा आकारच असा की वजन बहुतेक दाबाच्या रूपात खाली उतरते. पण घुमट तळाशी बाहेरच्या बाजूला रेटतो. तो रेटा आवरायला कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानी रचल्या आणि त्यांचे वजन आतल्या बाजूला झुकते ठेवले. भिंती तर सुमारे तीन मीटर जाड आहेत.

आपले स्लॅब सपाट, त्यामुळे त्यांत ताण येणारच. तो सोसायला लोखंडी सळया घालतात. दोन भिंतींवर टेकलेल्या बीममध्ये मुख्य सळया खाली हव्यात. भिंतीतून बाहेर आलेल्या सज्जात किंवा गॅलरीत मात्र उलट: टोक खाली झुकते, ताण वर येतो, म्हणून सळया वर हव्यात. काँक्रीट ओतताना माणसे त्याच सळयांवर चालतात, त्या दबून खाली जातात आणि सज्जा वरून धडधाकट, आतून कमजोर राहतो. वरच्या सळयांखाली लोखंडी खुर्च्या ठेवायला लावा.

आता घरच्या मंडळींनी लक्षात ठेवायच्या चार गोष्टी. काँक्रीट सहज ओतता यावे म्हणून कामावर जादा पाणी मिसळले, तर ते पाणी उडून जाते आणि मागे छिद्रे राहतात, ताकद घटते. स्लॅबवर किमान सात दिवस पाणी मारा, शक्य तर जास्त. काँक्रीटची ताकद 28 दिवसांनंतरची धरतात. सळईवर काँक्रीटचे पुरेसे आवरण नसेल तर गंज चढतो आणि फुगलेला गंज स्लॅबचे पापुद्रे पाडतो. कोकणच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते. चौथी गोष्ट सर्वांत मोठी: दुकानाची जागा वाढवायला कॉलम तासू नका आणि दोन मजल्यांच्या पायावर तिसरा चढवू नका. मुलगा मोठा झाला, लग्न ठरले, खोली हवी, ही गरज खरी असते. पण पायाला ती कळत नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याची फी बांधकामाच्या खर्चापुढे किरकोळ असते.

मित्रांनो, या क्षेत्रात जाल तेव्हा नकाशावर सही कराल. त्या छताखाली झोपणारी माणसे तुम्हाला ओळखणार नाहीत, पण त्यांचे जीव तुमच्याकडे अमानत असतील. आज घरात जरा वर पाहा: तुमच्या डोक्यावरचे वजन कोणत्या बीमवरून, कोणत्या कॉलममधून खाली जाते? तो रस्ता शोधता आला, तर पहिला धडा समजला म्हणायचा.