ओ-पेअर म्हणजे नक्की काय? जर्मन घरात वर्षभर राहायला जाण्याआधी हे समजून घ्या

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नसतो, पण बसमध्ये उभ्या उभ्या वाचता येतं, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. जसं बोललो जवळपास तसंच ठेवलंय.

जर्मनीत शिकायला जाण्याच्या खर्चावर आपण मागे बोललो होतो. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा आकडा ऐकून बऱ्याच जणांचे चेहरे पडले असणार. त्यानंतर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "दादा, ओ-पेअर म्हणून गेलं तर हे पैसे लागत नाहीत ना?"

बरोबर आहे, लागत नाहीत. पण का लागत नाहीत, हे कळलं नाही तर तिथे गेल्यावर पंचाईत होते. आज तेच बघू. मी कोडिंग करून पोट भरणारा माणूस, व्हिसाचा एजंट नाही. पण माझी मामेबहीण २०२४ मध्ये श्टुटगार्टजवळच्या एका गावात ओ-पेअर म्हणून गेली. तिचा करार, नियम, तासांचा हिशेब हे सगळं आम्ही दोघांनी मिळून वाचलं. त्यातलं जे पक्कं आहे तेवढंच सांगतो.

शब्दापासून सुरुवात

ओ-पेअर हा फ्रेंच शब्द. अर्थ साधारण "बरोबरीच्या नात्याने". म्हणजे परदेशातल्या एखाद्या कुटुंबात तुम्ही राहता, त्यांच्या मुलांना सांभाळता, घरातल्या हलक्या कामांत हात लावता. बदल्यात राहणं, जेवण, पॉकेटमनी आणि भाषा शिकायची संधी मिळते. युरोप परिषदेने १९६९ मध्ये यावर एक करार केला. त्यात म्हटलंय की ओ-पेअर हा ना विद्यार्थी, ना कामगार. दोन्हींचे थोडे थोडे गुण असलेला हा तिसराच प्रकार.

हे "तिसराच प्रकार" लक्षात ठेवा. सगळे फायदे त्यातून येतात आणि सगळे घोळही त्यातूनच होतात.

विद्यार्थी नाही, म्हणून ब्लॉक्ड अकाउंट नाही. तुमचा खाण्यापिण्याचा आणि राहण्याचा खर्च कुटुंब उचलतं, मग सरकारला वेगळी हमी लागत नाही. कामगार नाही, म्हणून पगारही नाही. मिळतो तो पॉकेटमनी.

नियम काय सांगतात

जर्मनीचे नियम सांगतो. दुसऱ्या देशांचे वेगळे असतात, त्याबद्दल पुढे बोलू.

वय: किमान १८, आणि व्हिसाचा अर्ज करताना २७ पूर्ण झालेली नसावीत. (माझ्यासाठी हे दार केव्हाच बंद झालंय.)

भाषा: जर्मनची ए-१ पातळी. व्हिसाच्या मुलाखतीत तुमच्याशी थोडं जर्मन बोलून बघतात, त्यामुळे नुसतं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. माझी बहीण सांगलीहून पुण्याला येऊन शिकली.

कालावधी: कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष. आणि हे आयुष्यात एकदाच. पुन्हा ओ-पेअर म्हणून जाता येत नाही.

कामाचे तास: दिवसाला सहा, आठवड्याला ३०. संध्याकाळी आईबाबा बाहेर गेले आणि तुम्ही झोपलेल्या मुलांजवळ घरी थांबलात, तर ते बेबीसिटिंगही याच ३० तासांत धरायचं.

सुट्टी: आठवड्यात दीड दिवस, महिन्यातून किमान एक रविवार पूर्ण मोकळा, आठवड्यातल्या चार संध्याकाळी मोकळ्या. वर्षभर राहिलात तर चार आठवडे भरपगारी, म्हणजे भर-पॉकेटमनी रजा.

खोली: स्वतःची, खिडकी असलेली, किमान आठ चौरस मीटरची. मुलांच्या खोलीत गादी टाकून झोपवणं चालत नाही.

पैसे: बहिणीच्या करारात महिना २८० युरो पॉकेटमनी आणि भाषेच्या क्लाससाठी कुटुंबाकडून महिना ७० युरो होते. आरोग्य आणि अपघात विमा कुटुंबानेच काढायचा. जाण्यायेण्याचं विमानाचं तिकीट आणि ७५ युरोची व्हिसा फी मात्र आपल्या खिशातून.

एजन्सीमार्फत गेलात, तर जर्मन एजन्सीला ओ-पेअरकडून जास्तीत जास्त १५० युरो घेता येतात. इकडे कुणी "दोन लाख भरा, फॅमिली पक्की" म्हणालं, तर हा आकडा डोळ्यांसमोर आणा.

२८० युरो म्हणजे किती?

युरोला साधारण शंभर रुपये धरले तर २८ हजार. इथे बसून ऐकायला बरं वाटतं. आता तासांनी भागा. आठवड्याला ३० म्हणजे महिन्याला साधारण १३० तास. तासाला दोन युरोंच्या थोडं वर. २०२५ मध्ये जर्मनीतलं किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. तेव्हा पैसे साठवून घरी पाठवायचा विचार असेल, तर हा रस्ता त्यासाठी नाही. शिवाय ओ-पेअर असताना बाहेर दुसरी नोकरी करता येत नाही. २०२५ मध्ये देशभर चालणाऱ्या महिन्याच्या पासलाच, म्हणजे डॉइचलँड-टिकेटला, ५८ युरो लागत होते. काही कुटुंबं तो पास काढून देतात. आधीच विचारून घ्या.

मग जायचं कशाला? भाषेसाठी. तीन वर्षांचं पोर जेव्हा तुमचं व्याकरण दिवसभर दुरुस्त करतं, तेव्हा जी जर्मन येते ती वर्गात येत नाही. बहीण ए-१ घेऊन गेली आणि वर्षाच्या आत बी-१ पास झाली. पुढे आउसबिल्डुंग म्हणजे कामासोबतचं व्यवसाय-शिक्षण करायचं असेल, तर साधारण बी-१ पासूनच दारं उघडायला लागतात.

"मोलकरीण व्हायला एवढ्या लांब?"

हे वाक्य माझ्या मामाचं. पूर्ण वाक्य असं: "बीकॉम करून मोलकरीणच व्हायचं होतं, तर सांगलीत काय घरं कमी होती?" मामी रडली, बहीण दोन दिवस जेवली नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हेच होणार आहे, म्हणून सांगतो. एक तर मोलकरणीच्या कामात कमीपणा काही नाही. पण ते बाजूला ठेवलं, तरी मामाची शंका अगदीच वावगी नव्हती. कारण ही रेषा खरंच बारीक आहे.

कागदावर रेषा अशी: मुलांना नाश्ता देणं, बालवाडीत सोडणं-आणणं, त्यांच्याशी खेळणं, त्यांचे कपडे धुणं, स्वयंपाकघर आवरायला मदत करणं, हे तुमचं काम. अख्ख्या घराची साफसफाई एकटीने करणं किंवा घरातल्या आजारी आजोबांची शुश्रूषा करणं, हे तुमचं काम नाही.

पण खरा त्रास कामाच्या प्रकारापेक्षा तासांमध्ये होतो. बहिणीचंच उदाहरण घ्या. कुटुंब चांगलं होतं. दोन मुलं, एक तीन वर्षांचा, एक सहा वर्षांची. आईबाबा दोघंही नोकरी करणारे. पहिले दोन महिने छान गेले. मग धाकट्याची बालवाडी कर्मचारी कमी म्हणून आठवड्यातून दोनदा लवकर सुटायला लागली. जर्मनीत हे सर्रास होतं. आई म्हणायची, "तू घरीच आहेस ना, जरा बघशील?" ही म्हणायची, "हो." शनिवारी म्हणायची, "आम्ही जरा बाहेर जाऊन येतो." ही पुन्हा, "हो."

आपल्याकडे ज्यांच्या घरी जेवतो त्यांना नाही म्हणायची पद्धत नाही. आणि "तू आमच्या घरातलीच आहेस" असं कुणी म्हटलं की आपण तिथेच विरघळतो. म्हण आहे ना, भीड भिकेची बहीण. तसंच झालं. भाषेच्या क्लासला दोनदा दांडी पडली, तेव्हा तिने मला फोन केला.

मी तिला एवढंच म्हणालो, भांडू नकोस, आधी मोज. फोनवरच एक साधं शीट बनवलं: तारीख, किती ते किती, कुणी सांगितलं. चार आठवड्यांचे आकडे आले ३८, ४१, ३६ आणि ४३. म्हणजे चार आठवड्यांत ३८ तास जास्तीचे. आठवडाभराहून अधिक काम फुकट.

मग तिने एका रविवारी कॉफीच्या वेळी दोघांना ते शीट दाखवलं. तिची जर्मन तेव्हा कच्चीच होती, पण आकडे वाचायला भाषा लागत नाही. ती म्हणाली, "मला मुलं आवडतात. पण माझा क्लास बुडतोय." कुटुंबातल्या बाबांना तर धक्काच बसला. त्यांनी कधी बेरीजच केली नव्हती. जास्तीचे तास सुट्टीत भरून द्यायचं ठरलं, आणि बालवाडी लवकर सुटेल त्या दिवसांपैकी एक दिवस शेजारच्या कॉलेजवाल्या मुलीला पैसे देऊन बोलवायचं ठरलं. सगळं सुरळीत झालं असं नाही, डिसेंबरात पुन्हा एकदा तास वाढले. पण आता फ्रिजवर वेळापत्रक लावलेलं होतं आणि बोट दाखवायला जागा होती.

एक गोष्ट तिने सांगितली ती मला फार पटली. आपण गप्प राहिलो तर आपल्याला वाटतं, समोरच्याला कळत असेल. तिथे गप्प राहण्याचा अर्थ "सगळं ठीक आहे" असाच घेतात. स्पष्ट बोललं तर राग धरत नाहीत, उलट आधी का नाही बोललीस असं विचारतात.

बोलूनही नाही जमलं तर?

सगळीच कुटुंबं ऐकून घेतील असं नाही. करार दोन्ही बाजूंनी मोडता येतो, त्याची नेहमीची मुदत १४ दिवस असते. मारहाण, छळ असा गंभीर प्रकार असेल तर थांबायची गरज नाही, लगेच बाहेर पडा. तुमचा राहण्याचा परवाना त्या कुटुंबाशी जोडलेला असतो, म्हणून कुटुंब बदलायचं असेल तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाला, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेला, लगेच कळवा आणि परवानगी घ्या. नवीन कुटुंब मिळालं तरी वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजत नाहीत, उरलेलेच महिने मिळतात.

म्हणूनच एजन्सीमार्फत जाण्याचा फायदा तेव्हा कळतो. काही बिघडलं तर फोन उचलणारं कुणीतरी तिथे असतं. जर्मनीत 'इन व्हिया' आणि 'फाऊ-ई-योट' या संस्था बऱ्याच वर्षांपासून हे काम करतात. एजन्सीकडे ओ-पेअरसाठीचा 'राल' दर्जाचा शिक्का आहे का, तेही बघा.

फसवणूक ओळखायची कशी

वेबसाइटवर स्वतःच कुटुंब शोधणार असाल, तर हे बघा. पॉकेटमनी हजार-दीड हजार युरो सांगतात? संशय घ्या. "आमचा वकील व्हिसा करून देईल, त्याला पैसे पाठव" म्हणतात? तिथेच ब्लॉक करा. व्हिसा तुम्ही स्वतः काढायचा असतो. व्हिडिओ कॉलवर यायला टाळतात, मुलं कधीच दिसत नाहीत? सोडून द्या. आणि "ब्रिटनचा ओ-पेअर व्हिसा" विकणारा भेटला तर हसून पुढे जा, तसा व्हिसाच तिथे नाही. नॉर्वेने तर ही योजना २०२४ मध्ये बंद केली. अमेरिकेत आहे, पण तिथे आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम असतं. तेव्हा एका देशाचे नियम दुसऱ्या देशाला लावू नका.

होकार देण्याआधी विचारायचे प्रश्न

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. माझा सोमवार ते रविवार कसा असेल? तासांसकट लिहून द्याल का?
२. बालवाडी बंद असेल किंवा मूल आजारी असेल त्या दिवशी काय?
३. भाषेचा क्लास घरापासून किती लांब आहे, आणि त्या वेळी मुलांकडे कोण बघेल?
४. आधीच्या ओ-पेअरशी मला बोलता येईल का?
५. मी शाकाहारी आहे किंवा बीफ खात नाही, ते जमेल का? (तिकडे रात्री बहुतेक घरांत ब्रेड-चीज असा थंड जेवणाचाच बेत असतो. मेतकूट सोबत न्या.)

चौथ्या प्रश्नाला जे कुटुंब आनंदाने हो म्हणतं, ते बहुधा बरं असतं.

बाकी, मामा अजून पूर्ण विरघळलेला नाही. पण परवा त्याने शेजाऱ्यांना सांगितलं म्हणे, "पोरगी जर्मनीत आहे, फडाफडा बोलते." एवढं पुरे.

कुणाच्या हातात करार आला असेल आणि एखादं कलम कळत नसेल, तर नाव-पत्ता झाकून फक्त तेवढं वाक्य पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर काळजी घ्या, आणि तास मोजत राहा. भेटूच!