आजोबांना ऐकू येतं, पण कळत नाही

"आजोबांना हवं ते बरोब्बर ऐकू येतं!" ही तक्रार तुमच्याही घरात असेल. पण यात आजोबांची लबाडी नसते. वाढत्या वयात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ पुसट होतात, स्वर मात्र पोहोचतात. त्यामुळे कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय ते कळत नाही. शांत खोलीत समोरासमोर जमतं, लग्नाच्या पंगतीत नाही. ओरडून तर शब्द आणखीच बिघडतात.

मशीन आणलं की झालं, असंही नाही. चष्मा घातला की लगेच दिसतं, इथे तसं होत नाही. पंखा, भांडी, कुकरची शिट्टी, सगळंच अंगावर येतं. सवय व्हायला काही आठवडे, कधी महिने लागतात, आणि नेमकं तेव्हाच ते कपाटात जातं. (गरीब ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून २०१७ पासून श्रवणयंत्र मोफत मिळतं. पण सोबत कोण देणार?)

टीव्ही बंद करा, उजेडात समोर बसा. कळलं नाही तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगा. "काही नाही, राहू दे" एवढं मात्र म्हणू नका. हे ऐकून ऐकूनच माणूस भजनी मंडळ सोडतो, कट्ट्यावर जाणं बंद करतो.

मुलांना हे कसं समजवायचं? वर्गात आवाज न काढता 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणून दाखवा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. मग "आज मामा येणार" असं पूर्ण वाक्य तसंच म्हणा, पण आधी पाहुण्यांचा विषय काढून. आता किती मुलं ओळखतात ते बघा.