कुंडल रोडच्या माळावरचे कारखानदार पिता

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचे नाव लोखंडी नांगराशी कायमचे जोडले गेले आहे. परंतु उद्योगेतिहासाच्या माझ्यासारख्या अभ्यासकाला त्यांच्यातील कर्ता, उदार कुटुंबप्रमुखच अधिक भावतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेतील शिक्षकाची नोकरी सोडून, वडीलबंधू रामुअण्णांसह बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या या गृहस्थाने कडबा कापण्याचे यंत्र व नांगर घडविण्यास आरंभ केला. आणि बेळगावच्या नगरपालिकेने त्यांची तिथली जागा खाली करण्याचा हुकूम दिला, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी देऊ केलेल्या कुंडल रोड येथील ओसाड माळावर १९१० साली त्यांनी कारखान्यासह एक गावच वसविले, तीच किर्लोस्करवाडी.

लोखंडी फाळाने जमीन विषारी होते, अशा समजुतीमुळे शेतकरी नांगराला शिवेनात, तरी त्यांनी धीर सोडला नाही. मला विशेष वंदनीय वाटते ते हे की, त्या वस्तीत अस्पृश्यतेला त्यांनी थारा दिला नाही, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी निःशंकपणे सोपविली. असा विश्वास आजही दुर्मीळच म्हणावा लागेल!

पुत्र शंतनुरावांना त्यांनी अमेरिकेत यंत्रविद्या शिकण्यास धाडले. पुढे पंप व डिझेल एंजिने यांच्या निर्मितीचा व्याप त्या पुत्राने वाढविला, आणि नातू चंद्रकांत हेही त्याच उद्योगात आले. लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.