रान दाट, जीव किती?

स्कॉटलंडच्या वायव्येला, सुमारे हजार मीटर खोल समुद्रतळावर वाळूचे शेकडो उंचवटे आहेत. 'डार्विन माउंड्स' हे नाव त्यांना मिळाले ते 'चार्ल्स डार्विन' या संशोधन जहाजावरून. १९९८ मध्ये ते उंचवटे सापडले, त्यांवर लोफेलिया पर्टुसा हे थंड पाण्यातले प्रवाळ होते. दोनच वर्षांत कॅमेऱ्याला तिथे समुद्रतळ खरवडत ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचे ओरखडे आणि प्रवाळांचा चुरा दिसला.

जे वाचले, त्यांत स्वतंत्र जीव किती, हे मात्र कॅमेऱ्याला कळत नाही. लोफेलियाची मोडून पडलेली फांदी जगते, वाढते. एकाच कंदाच्या मुनव्यांतून उभ्या राहिलेल्या केळीच्या बागेसारखा हा प्रकार: मोजायला शेकडो, जनुकांच्या हिशेबात एकच.

म्हणजे डीएनए तपासणे आले, आणि इथेच नेहमीचे हत्यार बोथट पडते. बहुतेक प्राण्यांत मायटोकॉन्ड्रियातला डीएनए भराभर बदलतो, त्यावरून समूहांतले फरक कळतात. प्रवाळांत तो कमालीचा संथ. म्हणून पेशीकेंद्रकातल्या 'मायक्रोसॅटेलाइट'कडे वळावे लागले. इथे दोन-चार अक्षरे पुन्हा पुन्हा येतात: सीएसीएसीए... नक्कल होताना एखादी पुनरुक्ती वाढते किंवा गळते आणि तुकड्याची लांबी बदलते. एका जागी लांबी जुळणे हा योगायोग असू शकतो. अनेक जागी सगळ्याच जुळल्या, तर ते क्लोन.

अशा जागा हुडकणे जिकिरीचे. हव्या त्या पुनरुक्तीचे तुकडे वेगळे काढायचे, त्यांच्या दोन्ही अंगांचा क्रम वाचून, त्या जागेची नक्कल सुरू करून देणारे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, बनवायचे. त्यातले काही चालतच नाहीत. उथळ पाण्यातल्या प्रवाळांत तर पेशींत राहणाऱ्या शैवालाचा डीएनएही नमुन्यात घुसतो. अंधारातल्या लोफेलियात शैवालच नाही, तेवढीच सुटका!

ल गॉफ आणि रॉजर्स यांनी २००२ मध्ये लोफेलियासाठी अशा १० जागा, म्हणजे जनुकीय खुणा, प्रसिद्ध केल्या. त्या वापरून ईशान्य अटलांटिकमधले नमुने तपासले गेले आणि २००४ मध्ये निष्कर्ष आले: फ्योर्डमधले प्रवाळ वेगळे, खुल्या समुद्रातले वेगळे, डार्विन माउंड्सवर क्लोन भरपूर, वैविध्य कमी. याचे सगळे खापर ट्रॉलरवर फोडता येणार नाही, कारण मोडून वाढणे हा प्रवाळाचा स्वभावच आहे. पण जिथे वैविध्य आधीच तुटपुंजे, तिथे नवे रक्त बाहेरून वाहत येणाऱ्या अळ्यांनीच मिळणार. त्या कुठून येतात हे शोधणे, हा माझ्या मते या खुणांचा खरा उपयोग. तो उगमच उद्ध्वस्त झाला, तर इथे ट्रॉलिंगवर बंदी घालून काय साधणार?

युरोपीय संघाने २००४ मध्येच तिथले ट्रॉलिंग कायमचे थांबवले. २०११ मध्ये पुन्हा पाहणी झाली. सर्वाधिक खरवडलेल्या पूर्व भागात नवे प्रवाळ रुजलेले नव्हते.