पाहून ठेवलेलं

शेकूकडे बैल एकच. शेताची घाई उरावर आणि दुसरं जनावर मिळायची सोय नाही. तेव्हा जुवाच्या रिकाम्या बाजूला शेकूची बायको उभी राहते, एका अंगाला बैल आणि दुसऱ्या अंगाला बाई, आणि औत चालू लागतं. 'बनगरवाडी' ही कादंबरी वाचून कितीही वर्षं लोटली तरी हे दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. व्यंकटेश माडगूळकर ते सांगताना गहिवरत नाहीत, हाकही मारत नाहीत. बांधावर उभं राहून पाहणाऱ्याला जेवढं दिसेल तेवढंच सांगतात आणि पुढे जातात.

लेखकाला सुचतं कुठून, हा प्रश्न तात्यांच्या, म्हणजे माडगूळकरांच्या, बाबतीत जरा बदलून विचारावा लागतो. त्यांना सुचलं कमी, दिसलं जास्त.

जन्म १९२७चा, माडगुळ्याचा. हा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. आज तो सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात येतो. पाऊस इथे पाहुण्यासारखा, आला तर आला. कुसळं, बाभळी, मेंढरांचे कळप आणि दुष्काळ पडला की पोटामागे निघालेली माणसं. घरात थोरले बंधू ग. दि. माडगूळकर शब्दांचे धनी. धाकट्याचा ओढा मात्र चित्राकडे. पुढे लेखक म्हणून नाव झालं तरी रेखाटनं सुटली नाहीत. स्वतःच्या पुस्तकांसाठी त्यांनी स्वतः चित्रं काढली. चेहरा काढायला बसलेला माणूस आधी नाकाचा उतार बघतो, स्वभावाचं नंतर बघू म्हणतो. 'माणदेशी माणसं' (१९४९) मधली माणसं अशीच उभी राहतात, आधी अंगकाठी, कपडे, बोलण्याची ढब, आणि त्यातूनच हळूहळू नशीब. हे पुस्तक आलं तेव्हा लेखक जेमतेम बाविशीचा होता, हे लक्षात घेतलं की थोडं दडपायलाच होतं.

शाळा बेचाळीसच्या चळवळीत सुटली. कोवळ्या वयात निंबवड्याला मास्तरकीही झाली. 'बनगरवाडी'तला राजाराम सौंदणीकर धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला येतो, तो या अनुभवाची शिदोरी घेऊनच. वाडीवर तालीम बांधून होते आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात, हेही हवेतून आलेलं नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे कट्टे पुरस्कर्ते होते.

पण मास्तरकी चाळीसच्या दशकातली आणि 'बनगरवाडी' पुस्तकरूपानं आली १९५५ साली. बेचाळीसच्या भूमिगत दिवसांवरचं 'कोवळे दिवस' तर तीन दशकांहून अधिक काळानं आलं. गांधीहत्येनंतर १९४८ साली ब्राह्मणांची घरं जळली, माडगूळकरांचंही जळलं. ती होळी 'वावटळ'मध्ये उतरली, तीही धग पुरती निवल्यावर. आपल्याकडे अनुभव आला की आठवड्यात त्याचा लेख होतो. तात्यांची तऱ्हा वेगळी. बाजरी कणगीत भरून ठेवावी, तसं ते पाहिलेलं भरून ठेवत. घाईनं लिहिलं असतं तर शेकूच्या बायकोभोवती संतापाची चार वाक्यं नक्की आली असती, असं मला वाटतं. मधल्या वर्षांत ती गळून गेली असावीत.

पुणे आकाशवाणीवर त्यांनी ग्रामीण कार्यक्रमांत दीर्घ काळ नोकरी केली. कानाला पेलेल असं लिहायची ही रोजची तालीम, म्हणून वाक्यं आखूड झाली, असं म्हणायचा मोह होतो. पण 'माणदेशी माणसं' रेडिओच्या आधीची, आणि तिथंही वाक्यं आखूडच आहेत. रेडिओनं सवय लावली नाही; असलेली सवय पोसली, एवढंच म्हणता येईल.

तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता. शिकाऱ्याला दोन गोष्टी याव्या लागतात, माग काढणं आणि न हलता बसणं. पुढे बंदूक सुटली, या दोन्ही गोष्टी राहिल्या. विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात ते मुक्काम ठोकून राहिले. तिथं पाणवठ्याशी बसावं, कोण कधी येतं, कोण कुणाला बिचकतं ते टिपावं, कागदावर चार रेषा ओढाव्यात, असा क्रम. 'नागझिरा' हे पुस्तक त्या मुक्कामाचं.

त्याच नजरेनं त्यांनी वानरांच्या टोळीवर 'सत्तांतर' लिहिलं. टोळीचा मुख्य नर हटवला जातो, नवा नर येतो आणि जुन्याची पिल्लं मारली जातात. धारवाडच्या रानात साठच्या दशकात जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी नेमकं हेच वर्तन नोंदवलं होतं. कादंबरीत हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण लेखक वानरांना माणसाचे कपडे चढवत नाही. ती झाडावरच राहतात, पाला खातात, उवा वेचतात. प्राणिकथेत लेखक हमखास जिथं घसरतो, त्या जागी हा गडी शांत बसून राहिलेला दिसतो. १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार या छोटेखानी कादंबरीला मिळाला.

आणि 'सत्तांतर' मिटून पुन्हा 'बनगरवाडी' उघडली की एक जुनीच गोष्ट नव्यानं दिसते. तिथंही एक कळप आहे, त्याचा जाणता कारभारी आहे, पाणी आटतं आणि सगळी वाडी उठून चालू लागते. मास्तर मागे रिकाम्या घरांकडे बघत उभा.