मसाल्याच्या डब्यातलं कुलूप

मैत्रिणींनो, आपल्या डब्यातल्या मिरीचं भांगेशी नातं आहे असं सांगितलं, तर हसाल! पण ते खरं आहे.

शरीरातल्या पेशींवर जणू छोटी कुलपं असतात. भांगेतलं द्रव्य मेंदूतलं ‘सीबी-१’ कुलूप उघडतं नि नशा चढते. दुसरं कुलूप, ‘सीबी-२’, मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतं. मिरी-लवंगेच्या तेलातलं ‘बीटा-कॅरिओफायलिन’ फक्त हे दुसरंच उघडतं, असं २००८ साली स्वित्झर्लंडच्या युर्ग गेर्च आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणून मिरीने नशा येत नाही. प्रयोगात उंदरांची सूज मात्र उतरली.

एवढं वाचून मी सासूबाईंच्या गुडघ्यासाठी लवंगतेलाचे थेंब दुधातून द्यायला निघालेच होते! वेळीच थांबले. उंदराला लागू पडलं ते माणसाला पडेलच असं नाही. शिवाय लवंगतेलात मुख्य द्रव्य असतं युजेनॉल. दुखरा दात बधिर होतो तो त्यानेच. हे तेल लहान मुलाच्या पोटात गेलं, तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

तेव्हा मिरी-लवंग स्वयंपाकात नेहमीसारखी वापरा. तेलाची बाटली मात्र आजच उंच फळीवर ठेवा. ठेवाल ना?