गल्ल्याजवळचा फलक

तंबाखूपासून परावृत्त करणारा शब्द मनुष्याच्या दृष्टीस नेमका कोणत्या क्षणी पडावा, या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा निकाल लागण्यास न्यूयॉर्क शहरात जवळजवळ तीन वर्षे लोटली. तेथील आरोग्य मंडळाने 2009 साली असा हुकूम काढला की, तंबाखू विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने गल्ल्याजवळ, अथवा जेथे पाकिटे मांडलेली असतात तेथे, किडलेला दात, कर्करोगाने ग्रासलेले फुफ्फुस किंवा पक्षाघाताने निकामी झालेला मेंदू दाखविणारा फलक लावावा, आणि व्यसन सोडू इच्छिणाऱ्यास मदत कोठे मिळेल हेही त्यावर लिहावे. यामागचा विचार मला फार मर्मग्राही वाटतो. कारण ज्याने चार दिवसांपूर्वी सिगारेट सोडली आणि जो आज केवळ दूध घेण्यास दुकानात शिरला आहे, त्याचा निश्चय डळमळतो तो गल्ल्यासमोरच, आणि पाकिटावरचा इशारा त्याच्या हाती पडतो तो पैसे मोजून झाल्यावर.

सिगारेटच्या कंपन्या आणि काही दुकानदार न्यायालयात गेले. सिगारेटविषयीच्या इशाऱ्यांचा मजकूर ठरविणे हा 1965 च्या कायद्यान्वये मध्यवर्ती सरकारचा अखत्यार आहे, शहराचा नव्हे, या मुद्द्यावर न्यायाधीश जेड रेकॉफ यांनी डिसेंबर 2010 मध्ये तो हुकूम रद्द केला, आणि जुलै 2012 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तोच निर्णय कायम केला.

आपल्याकडे पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो आणि 2018 पासून त्यावर व्यसनमुक्तीचा 1800-11-2356 हा दूरध्वनी क्रमांकही छापला जातो. परंतु सुट्या सिगारेटी-बिड्यांच्या विक्रीस महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर 2020 मध्ये मज्जाव केला असूनही पानाच्या टपरीवर गिऱ्हाईक हात पुढे करते, दुकानदार उघड्या पाकिटातून एकच सिगारेट काढून देतो, ती तेथेच शिलगावली जाते, आणि ते भेसूर चित्र व तो क्रमांक दुकानदाराच्या फळीवरच राहतात. अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे हा दंडनीय अपराध असल्याचे बजावणारा साठ बाय तीस सेंटिमीटरचा फलक टपरीवर असावा असा नियम आहेच. त्याच फलकावर हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिण्याची सक्ती व्हावी, आणि तो पुड्यांच्या लोंबत्या माळांआड झाकला जाणार नाही अशी तजवीज व्हावी, असे मला कळकळीने वाटते, कारण सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या वाट्याला पाकीट कधी येतच नाही.